एका पगाराचे घर

पैशाच्या नियोजनावर मराठीत भरपूर लिहिले जाते, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला नवरा, बायको आणि दोन मुले गृहीत धरून दिलेला असतो. मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, स्वतःचा फ्लॅट, मग निवृत्ती, असा त्याचा क्रम ठरलेला. पुण्यात भाड्याच्या घरात राहून नोकरी करणारी तिशीतली अविवाहित मुलगी, घटस्फोटानंतर ठाण्यात वेगळे बिऱ्हाड केलेला चाळिशीतला माणूस, नवरा गेल्यावर लातूरला शिवणकामावर घर चालवणारी बाई, यांना त्या क्रमात जागाच नाही. धोरणांची नजरही फारशी वेगळी नाही. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2022 पासून लागू केलेल्या सूक्ष्मकर्जाच्या चौकटीत 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांबरोबर अविवाहित स्त्रीचाही समावेश झाला, पण कुटुंबातल्या एकीचाच. ही माणसे थोडीथोडकी नाहीत. देशातल्या विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकल स्त्रियांची संख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 5.12 कोटी होती, 2011 मध्ये ती 7.14 कोटींवर गेली. घरात एकच माणूस राहतो अशी कुटुंबे त्या वर्षी शेकडा चारांच्या आत होती. तरीही ती संख्या नव्वद लाखांच्या घरात जाते. त्यानंतर शहरे किती बदलली, हे कोणालाही दिसते आहे.

एकट्या माणसाला दिला जाणारा सल्ला बहुतेक वेळा शिस्तीचा असतो: हॉटेलात जेवू नका, खर्च लिहून ठेवा, पगार झाला की आधी बचत करा. शिस्त हवीच. पण एकट्याच्या घरखर्चातली खरी उणीव शिस्तीची आहे असे पुरावा पाहून वाटत नाही. त्याला कमी पडतो तो दुसरा माणूस: भाड्याचा अर्धा भार उचलणारा, एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याच्या पगारावर चूल चालू ठेवणारा, दवाखान्यात बिलाच्या खिडकीशी उभा राहणारा. ही जागा रिकामी असते आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे कर्ज येऊन बसले आहे. म्हणून एकट्याच्या अर्थव्यवहारात पहिला प्रश्न गुंतवणूक कुठे करावी हा नसतो. दुसऱ्या माणसाचे काम कोणत्या व्यवस्थेकडून करून घ्यायचे, हा असतो. पत, विमा, ठेवी, घर, मृत्युपत्र हे सगळे विषय या एका प्रश्नाच्या पोटात येतात.

एकटे राहणे महाग पडते हे सगळ्यांना ढोबळपणे माहीत असते, पण किती महाग याचा हिशेब अर्थशास्त्राने मांडून ठेवला आहे. दोन माणसांच्या घराचे भाडे एका माणसाच्या घराच्या दुप्पट नसते. फ्रीज, गॅसची शेगडी, वायफाय, सोसायटीचा देखभाल खर्च, कामवाल्या मावशींचा पगार, यातले काहीच माणसागणिक दुप्पट होत नाही. निरनिराळ्या आकाराच्या कुटुंबांची तुलना करण्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एका मोजपट्टीत पहिल्या प्रौढ माणसाला 1 आणि पुढच्या प्रत्येक प्रौढाला 0.5 असा भार दिला जातो. म्हणजे दोघांचे घर ज्या राहणीमानाने 50,000 रुपयांत चालते, त्याच राहणीमानाला एकट्याला 25,000 पुरत नाहीत, 33,000 लागतात. ज्याँ द्रेझ आणि पी. व्ही. श्रीनिवासन यांनी 1997 मध्ये ग्रामीण भारतातल्या विधवांच्या दारिद्र्यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. दरडोई खर्चाने मोजले तर विधवा कुटुंबप्रमुख असलेली घरे इतरांपेक्षा विशेष गरीब दिसत नव्हती. पण ही घरे लहान असतात आणि लहान घराला माणशी खर्च जास्त येतो, एवढी एक गोष्ट हिशेबात धरताच त्यांचे दारिद्र्य झटकन वर आले, आणि एकट्या राहणाऱ्या विधवांची अवस्था सर्वांत वाईट दिसू लागली. हा निष्कर्ष खेड्यातल्या विधवांविषयी आहे, आयटी कंपनीत काम करणाऱ्यांविषयी नाही, हे मान्य. पण मोजण्यातली चूक दोन्हीकडे तीच आहे. पगार भागिले माणसे एवढ्यावर आपण एकट्याला सुखवस्तू ठरवून मोकळे होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एकट्याला जबाबदाऱ्या कुठे आहेत? मुलांची फी नाही, सासर-माहेरचे मानपान नाही, म्हणजे पैसा उरलाच पाहिजे. मुलांचा खर्च नसतो हे खरे आहे, आणि चांगल्या पगाराच्या एकट्या माणसाच्या हातात मुले असलेल्या जोडप्यापेक्षा जास्त रक्कम राहू शकते हेही खरे आहे. पण आपल्याकडे अविवाहित म्हणजे जबाबदारी नसलेला, हे समीकरण फार कच्चे आहे. लग्न झालेल्या भावंडांनी आपापल्या संसाराकडे बोट दाखवले की आईवडिलांची औषधे, गावच्या घराची डागडुजी, धाकट्याची परीक्षा-फी, भाचीच्या लग्नातला हातभार हे सारे 'तुला काय, तू एकटीच तर आहेस' या एका वाक्यावर त्या एकटीकडे सरकते. हा खर्च कोणत्याही कर्जाच्या अर्जात जबाबदारी म्हणून लिहिला जात नाही आणि महिन्याच्या अंदाजपत्रकातही त्याला रकाना नसतो, कारण तो ठरलेल्या तारखेला येत नाही. तो अचानक येतो, आणि अचानक येणाऱ्या खर्चालाच कर्ज लागते.

उत्पन्न थांबते तेव्हा फरक आणखी ठळक होतो. वरच्याच आकड्यांवर पाहू. दोघांपैकी प्रत्येक जण 40,000 मिळवतो आणि घरखर्च 50,000 आहे. एकाची नोकरी गेली तर महिन्याला 10,000 ची तूट पडते. सहा महिने काढायला 60,000 रुपये पुरतात. एकटा माणूस तेवढेच 40,000 मिळवतो आणि त्याचा खर्च 33,000 आहे. त्याची नोकरी गेली तर तूट पूर्ण 33,000 ची, म्हणजे सहा महिन्यांसाठी जवळपास दोन लाख. पगार तोच, राहणी तीच, पण गाठीला तिप्पट रक्कम हवी, आणि ती साठवायला दरमहा उरतात अवघे 7,000. इथे कोणी म्हणेल की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत दोघेही कमावते नसतात, आणि तेही बरोबर आहे. 2023-24 च्या श्रमबल पाहणीप्रमाणे शहरी भारतात 15 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 28 टक्केच काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. पण एका पगारावर चालणाऱ्या संसारातही नड आली की दुसरा माणूस काही ना काही उभे करतो. डबे सुरू होतात, शिकवण्या सुरू होतात, दागिना तारण पडतो, सासुरवाडीकडून हातउसने मिळतात. एकट्या घरात हा राखीव माणूसच नसतो.

मुंबईने हा प्रश्न एकदा मोठ्या प्रमाणावर सोडवून पाहिला आहे, आणि तो इतिहास आज आठवणे गरजेचे वाटते. गिरणगावात काम करणारे कोकणातले आणि देशावरचे हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून एकटे राहत. एका गावची माणसे मिळून खोली घेत, पाळीपाळीने झोपत, भाडे वाटून घेत. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांची 'कूड' होती. बोटीवर जाणारा खलाशी दोन फेऱ्यांच्या मधल्या बेकारीत तिथे अल्प पैशांत राहू शके. जेवण खानावळवालीकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. मोठ्या रकमेसाठी भिशी किंवा पगारदार नोकरांची पतपेढी. राहणे, जेवणे आणि उधारी या तिन्ही बाबतींत एकट्याचा खर्च कुठल्या तरी समूहात वाटला जाई. या व्यवस्थेला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. तिच्यात गाव आणि जात पाहिली जाई, एकट्या बाईला तिथे थारा नव्हता, आणि ती अपुरी होती. मुंबईच्या कामगारांच्या जमाखर्चाची जी सरकारी पाहणी 1921-22 मध्ये झाली, तिच्यात 47 टक्के कुटुंबे कर्जात आढळली आणि सावकाराचा नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे सालाला 75 टक्के होता. खानावळ चालवणाऱ्या बायकाही सावकाराच्या विळख्यात होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट उघडून दिली, तेव्हा त्यांना श्वास घेता आला. पण त्या काळाने एक गोष्ट ओळखली होती: एकट्या माणसाने सगळे एकट्याने पेलायचे नसते.

गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, आणि शहरात एकटा येणारा माणूस आता वन-रूम किचनमध्ये किंवा पीजीत राहतो. तिथे शेजाऱ्याकडे उसने मागता येत नाही, पण मोबाइलवर दहा मिनिटांत पन्नास हजार मिळतात. देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या 2024 च्या सुरुवातीला दहा कोटींच्या पुढे गेली. त्याआधी, नोव्हेंबर 2023 मध्ये, विनातारण ग्राहककर्जे फार वेगाने वाढत आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांवरचा जोखीमभार 100 वरून 125 टक्क्यांवर नेला होता. बँकांची बँक जेव्हा एखाद्या कर्जाला असा लगाम घालते, तेव्हा ती गोष्ट केवळ काही उधळ्या तरुणांची राहिलेली नसते.

कार्डाच्या बाबतीत एकच हिशेब नीट पाहावा असे मला वाटते, कारण सारे नुकसान तिथे आहे. समजा 50,000 रुपयांची बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315, मिळून 2,065. माणसाने बाकीच्या पाच टक्के, म्हणजे 2,500 रुपये भरले तर मूळ कर्ज फक्त 435 रुपयांनी उतरते. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे पुढच्या महिन्याच्या किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. साडेतीन टक्के म्हणजे सालाला 42 टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांहून जास्त व्याजाला अनुचित व्यापारी प्रथा ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ती मर्यादा आता नाही. रुपयाला एक आणा घेणाऱ्या सावकारापेक्षा हा दर कमी आहे यात समाधान मानावे अशी स्थिती नाही. दुकानात मिळणारा 'बिनव्याजी हप्ता'ही तपासून पाहावा: शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यावर मिळाली असती ती सूट किंवा प्रक्रिया शुल्क, या वाटेने ते व्याज वसूल होते.

यावरचा आक्षेप मजबूत आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला कार्ड म्हणजे पंचेचाळीस-पन्नास दिवस फुकट वापरायला मिळालेला पैसा आहे. त्याशिवाय पत-इतिहास तयार होतो आणि पुढे घरकर्ज मिळते. हे सगळे खरे आहे. एकट्या माणसाने तर एक कार्ड ठेवावेच, कारण मध्यरात्री रुग्णालयाला अनामत भरायची वेळ आली तर तीच त्याच्या हातातली सर्वांत जलद रक्कम असते. पण पूर्ण बिल भरणे हे पुढच्या महिन्याचा पगार येण्यावर अवलंबून असते, आणि एकट्या घरात पगार एकच. तो चुकला की फुकटचे कर्ज त्याच महिन्यात 42 टक्क्यांचे होते. कार्डाची मर्यादा हीच आपली आणीबाणीची शिल्लक आहे असे मानणाऱ्याची फसगत इथे होते, कारण ज्या महिन्यात त्या शिल्लकीची गरज पडते त्याच महिन्यात तिचे हप्ते फेडण्याची ताकद गेलेली असते.

सिबिलच्या आकड्याबद्दलही असाच गैरसमज आहे. 300 ते 900 मधला हा आकडा घेतलेले कर्ज माणूस कसे फेडतो एवढेच सांगतो. त्याच्याकडे शिल्लक किती, विमा आहे का, आई त्याच्यावर अवलंबून आहे का, याची त्यात कसलीही नोंद नाही. दोन लाखांची ठेव बाळगून कधीच कर्ज न घेतलेल्या माणसाला पतच नसते, आणि चार हप्ते कसेबसे ओढणाऱ्याचा आकडा उत्तम असू शकतो. दरमहा वेळेवर भरलेले घरभाडे, जो एकट्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नियमित खर्च, त्यात सहसा धरलाच जात नाही. 40,000 मर्यादेच्या एकुलत्या कार्डावर सगळा घरखर्च करून 25,000 चे बिल पूर्ण भरणाऱ्याचाही आकडा दबतो, कारण मर्यादेच्या साठ टक्क्यांहून जास्त वापर दिसतो. बिल निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाकणे हा त्यावरचा साधा उपाय. सर्वांत अन्याय होतो तो विधवा आणि परित्यक्ता बायकांवर. वीस वर्षे संसाराचे हप्ते त्यांच्याच काटकसरीतून गेले, पण सगळी कर्जे नवऱ्याच्या नावावर. एकटे पडल्यावर बँकेच्या लेखी त्यांचा इतिहास कोरा असतो. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारता येत नाही, असे केंद्र सरकारने 2025 मध्ये संसदेत स्पष्ट केले आहे. ठेवीवर मिळणारे छोटे कार्ड किंवा मुदत ठेवीवरचे ओव्हरड्राफ्ट ही सुरुवात करण्याची सुरक्षित वाट आहे. सिबिलसारख्या प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा हक्क 2017 पासून आहे. तो घेऊन पाहावा, कारण घटस्फोटानंतरही जुन्या संयुक्त कर्जाची थकबाकी दोघांच्याही नावावर चढत राहते. दांपत्य वेगळे झाले म्हणून बँकेचा करार वेगळा होत नाही.

जामीनकीचा मुद्दा मराठी समाजात स्वतंत्रपणे मांडायला हवा, कारण पतसंस्थांच्या कर्जाला जामीनदार लागतात आणि नातलगांत तो शोधताना नजर हमखास नोकरदार, एकट्या माणसावर जाते. नाही म्हणायला त्याच्याकडे जोडीदाराचे कारणही नसते. भारतीय करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोय सहसा नसते, आणि ती जबाबदारी त्याच्या स्वतःच्या पत-अहवालातही दिसते. भावाला मोबाइल आपल्या नावाच्या हप्त्यावर घेऊन देणे, मित्राला आपले कार्ड वापरू देणे, हे त्याचेच सौम्य प्रकार. यातून माणूस तुटतो म्हणून संकोच वाटणे साहजिक आहे. माझे मत असे की मदत करायचीच तर परत न येण्याची तयारी ठेवून, झेपेल तेवढी रोख द्यावी. आपली पत देऊ नये. रोख दिली तर नुकसान दिलेल्या रकमेपुरते राहते. पत दिली तर ते किती वाढेल हे दुसऱ्याच्या वागण्यावर ठरते.

मग दुसऱ्या माणसाची जागा कशाने भरायची? पहिल्यांदा रोख शिल्लकीने, आणि ती सहा महिन्यांच्या खर्चाइतकी तरी हवी. यावर गुंतवणूक सल्लागार म्हणतात की बँकेत पडून राहिलेला पैसा महागाई खाते, तोच म्युच्युअल फंडात घातला तर दुप्पट होईल. लांब मुदतीसाठी हे बरोबर आहे. पण नोकऱ्या जाण्याचा आणि शेअर बाजार पडण्याचा काळ पुष्कळदा एकच असतो, आणि 42 टक्क्यांचे कर्ज टाळणारी रक्कम तिच्यावर मिळणाऱ्या सहा-सात टक्क्यांनी मोजणे हा हिशेबच अपुरा आहे. मुदत ठेव मोडावी लागू नये म्हणून तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेता येते, आणि त्याचा दर ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्केच जास्त असतो. ठेव कुठे आहे हे मात्र पाहावे. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढायची मुभा होती. ज्याची सगळी पुंजी त्या एका खात्यात होती आणि घरात दुसऱ्या कोणाचे खाते नव्हते, त्याने काय केले असेल याची कल्पना करवत नाही. त्यानंतर फेब्रुवारी 2020 पासून ठेवविमा पाच लाखांचा झाला. तो बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. गावोगावच्या पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देतात म्हणून तिथे आणीबाणीची रक्कम ठेवू नये. ठेवायचीच असेल तर दुसरी रक्कम ठेवावी.

शिल्लकीनंतर विमा, आणि इथे कुटुंबासाठी लिहिलेला क्रम उलटा करावा लागतो. संसारी माणसाला आयुर्विमा आधी लागतो, कारण त्याच्या मागे माणसे असतात. एकट्याला मृत्यूपेक्षा आजारपणाची आणि काम थांबण्याची भीती जास्त. मागे आईवडील अवलंबून असतील तर मुदतीचा शुद्ध आयुर्विमा घ्यावाच. नसतील तर 'लग्नाला उपयोगी पडेल' म्हणून गळ्यात मारलेली पैसे परत देणारी पॉलिसी ही बचतही धड नसते आणि संरक्षणही. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, म्हणजे पगार आणि विमा एकाच दिवशी संपतात; म्हणून स्वतःचा वेगळा आरोग्यविमा हवा, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठल्याने तो थोडा स्वस्तही झाला आहे. अपघातानंतर काम बंद असताना दर आठवड्याला रक्कम देणाऱ्या अपघात विम्याकडे लोक लक्ष देत नाहीत, पण एकट्यासाठी तो दुसऱ्या पगाराच्या सर्वांत जवळचा प्रकार आहे. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी निदान पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँकेतून सुरू करावी: वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. आणि ज्या खर्चाचा विचार कोणीच करत नाही तो म्हणजे सोबतीला माणूस ठेवण्याचा. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस ब्यूरोमधून आया किंवा मावशी ठेवली तर ते बिल विमा कंपनी सहसा देत नाही. ही रक्कम शिल्लकीत वेगळी धरावी.

घराबद्दल थोडक्यात. एका पगारावर मिळणारे कर्ज लहान असते आणि हप्ता चुकल्यास दुसरा पगार नसतो, म्हणून भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. पण सोसायट्या एकट्या भाडेकरूला, त्यातून एकट्या बाईला, ज्या तऱ्हेने नाकारतात आणि अकरा महिन्यांनी सामान हलवायला लावतात, ते पाहता घर घेण्याची तिची ओढ केवळ भावनिक म्हणता येत नाही. महाराष्ट्रात स्त्रीच्या एकटीच्या नावावर निवासी घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. एकटेपणाचा थेट लाभ देणारी ही दुर्मीळ तरतूद. घेताना मात्र सहा महिन्यांची शिल्लक घराच्या आगाऊ रकमेत ओतू नये. कारण हप्ता सुरू झाला की दरमहाचा खर्च वाढतो, म्हणजे ती शिल्लक आधीपेक्षा मोठी लागते.

शेवटी येतो तो भाग ज्याकडे एकटी माणसे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात: आपण शुद्धीवर नसू किंवा आपण नसू तेव्हा पैशाला हात कोण लावणार. एकट्याच्या नावाचे खाते असेल आणि माणूस अतिदक्षता विभागात बेशुद्ध असेल तर सख्खी बहीणही त्यातून उपचारासाठी पैसे काढू शकत नाही. मुखत्यारपत्र पुरेल असे पुष्कळांना वाटते, पण करार कायद्याच्या 201 व्या कलमाप्रमाणे देणाऱ्याचे भान गेले की मुखत्यारीही संपते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो. त्यावर साधा उपाय असा की शिल्लकीचा काही भाग विश्वासाच्या माणसाबरोबर 'दोघांपैकी कोणीही' अशा संयुक्त खात्यात ठेवावा; सगळा पैसा नव्हे, कारण ते खाते रिकामे करण्याचा अधिकारही त्याच सहीत असतो. बँक खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पण नॉमिनी हा रक्कम हातात घेणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. विम्याबाबतही त्याने 1983 मध्ये हेच म्हटले होते, पण 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. मालक ठरतो मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. हिंदू वारसा कायदा एकट्या माणसाच्या इच्छेचा अंदाज फार विचित्र बांधतो. अविवाहित, निपुत्रिक मुलाची सगळी मालमत्ता आईला जाते. आई हयात असेल तर वडिलांना काहीच मिळत नाही, कारण ते दुसऱ्या वर्गाचे वारस आहेत. निपुत्रिक विधवेने स्वतः कमावलेली मालमत्ताही तिच्या माहेरी न जाता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. 2009 च्या एका खटल्यात, जिला सासरच्यांनी घराबाहेर काढले होते आणि माहेराने सांभाळले होते, तिच्या कमाईबाबतही सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दाप्रमाणे हेच मान्य केले. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि समोर सही करणारे दोन साक्षीदार एवढे पुरते. साक्षीदार मात्र असे निवडावेत ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, आणि मूळ कागद कुठे ठेवला आहे हे त्यांच्यापैकी एकाला तरी माहीत असावे.